एका अक्षराचे अंतर

अनुवादकाच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा दोन प्रकारच्या असतात. पहिली चूक शब्द न कळल्यामुळे होते. ती कोश उघडून सुधारता येते. दुसरी चूक आपल्याला सगळे कळले आहे या समजुतीमुळे होते. ती कोणी दाखवून दिल्यावाचून दिसतच नाही. वाचकहो, माझ्या हातून घडलेली एक चूक या दुसऱ्या प्रकारची होती. ती मी तुम्हांला सांगणार आहे, कारण तिच्यामुळेच मी पस्तिशीच्या उंबरठ्यावर एका परक्या भाषेचे बाराखडीपासून शिक्षण सुरू केले.

काही वर्षांपूर्वी आमच्या मासिकासाठी मी दक्षिण अमेरिकेतील एका कथेचा अनुवाद केला. कथा मुळात स्पॅनिश भाषेतली. माझ्यापुढे होता तो तिचा इंग्रजी अनुवाद. कथा लहानशीच होती. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आणि वाचा गेलेली एक आई, आणि तिची शुश्रूषा करणारे तिचे अपत्य. हे अपत्यच सारी कथा सांगते. ते दिवसा दुकान सांभाळते, रात्री हिशेब लिहिते, मध्यरात्री उठून आईची कूस बदलते आणि पहाटे गच्चीवर जाऊन एक सिगारेट ओढते. शेजारीपाजारी येतात, आईची चौकशी करतात आणि निघून जातात. निवेदकाला नाव नाही. कोणी त्याला हाक मारीत नाही.

इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' या दोन्हींसाठी तेथे एकच वाक्य आहे. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला अनुवादकाला निर्णय घ्यावा लागतो. मी तो निर्णय घेतला, आणि खरे सांगायचे तर घेतला आहे हेही मला जाणवले नाही. दुकान चालविणारा, हिशेब लिहिणारा, सिगारेट ओढणारा. तो पुरुषच असणार! 'मी उठलो', 'मी बसलो', 'मी दमून गेलो' असे मी लिहीत गेले.

कथा प्रसिद्ध झाल्यावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. 'असा मुलगा घरोघरी जन्मावा', 'आजच्या तरुणांनी ही कथा वाचावी', 'वाचताना डोळे भरून आले' असा बहुतेकांचा सूर होता. मी सुखावले. मग बडोद्याहून एका वृद्ध गृहस्थांचे पोस्टकार्ड आले. त्यांच्या घरी कोणी स्पॅनिश शिकत होते आणि मूळ कथा त्यांच्या पाहण्यात आली होती. नमस्कारानंतर कार्डावर एकच प्रश्न होता : 'निवेदक मुलगा आहे, हे आपल्याला कोठे दिसले?'

मी मूळ कथा मिळविली. अर्थ कळत नव्हता, पण लिपी रोमन असल्यामुळे अक्षरे वाचता येत होती. स्पॅनिश जाणणाऱ्या एका परिचितांनी दुसऱ्या पानावरील एका शब्दावर बोट ठेवले. शब्द होता 'कान्सादा', म्हणजे दमलेली. पुरुष असता तर 'कान्सादो' झाले असते. शेवटचे एक अक्षर. 'ओ'च्या जागी 'आ'. दमलेली ती मुलगी होती.

दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या अंकात छापली गेली. परंतु ती दुरुस्ती वाचून कोणाला काय कळणार? कारण चूक केवळ लिंगाची नव्हती. तेच कष्ट मुलाने केले तेव्हा ते वाचकांना आदर्श वाटले, आणि मीही त्या कथेकडे पुत्रधर्माची कथा म्हणूनच पाहिले. मूळ कथेत ते मुलगी करीत होती. म्हणूनच तर शेजारी येऊन आईची विचारपूस करून जात होते आणि तिला कोणी एका शब्दानेही विचारीत नव्हते. कौतुकाची कथा मुळात कौतुकाच्या अभावाची कथा होती. आमच्या घरी अण्णांच्या शेवटच्या आजारात त्यांचे सगळे आमच्या ताईने केले आणि दादा रजा काढून दोनदा आला, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण दादाचेच कौतुक करी, हे मी डोळ्यांनी पाहिलेले होते. तरीसुद्धा माझ्या लेखणीने तेच केले.

त्या रात्री मी ठरविले की ही भाषा निदान व्याकरणापुरती तरी शिकायची.

स्पॅनिश व्याकरणाचे एक प्राथमिक पुस्तक मी विकत घेतले. ते इंग्रजी माध्यमाचे होते, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांच्यासाठी लिहिलेले होते. लहानपणी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून मराठीतून इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या गोष्टी मी घरात ऐकल्या होत्या. आता इंग्रजीतून स्पॅनिश शिकायचे होते. पुस्तकाची पहिली काही पाने मी धास्तीनेच उघडली. लेखक पानोपानी सावध करीत होता : येथे विद्यार्थी हमखास अडखळतो, हे नियम पाठ केल्यावाचून पुढे जाऊ नये, ही रचना विचित्र वाटेल, पण धीर सोडू नये. पण जेथे जेथे लेखकाने धोक्याचा कंदील टांगला होता, तेथे तेथे मला आपल्या घरचा अंगणातला दिवा दिसू लागला!

पहिला कंदील लिंगाचा. निर्जीव वस्तूला लिंग असते ही गोष्ट इंग्रजी भाषकाला चमत्कारिक वाटते. टेबल ती का, पुस्तक तो का, असे तो विचारतो. स्पॅनिशमध्ये 'ला मेसा' म्हणजे टेबल हे स्त्रीलिंगी, तर 'एल लिब्रो' म्हणजे पुस्तक हे पुल्लिंगी. आपल्याला यात नवल ते काय? आपल्याकडे दगड तो, वीट ती आणि घर ते. आपण तर तीन लिंगे सांभाळतो, स्पॅनिशला दोनच पुरतात. 'ओ'ने संपणारे बहुधा पुल्लिंगी, 'आ'ने संपणारे बहुधा स्त्रीलिंगी, असा ढोबळ नियम आहे. त्याला अपवादही आहेत : हात या अर्थाचा 'मानो' हा शब्द 'ओ'ने संपूनही स्त्रीलिंगी, आणि दिवस या अर्थाचा 'दिआ' हा 'आ'ने संपूनही पुल्लिंगी. विशेषण नामाच्या मागून येते आणि त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

दुसरा कंदील आवडीनिवडीचा. इंग्रजीत माणूस हा कर्ता असतो आणि कॉफी हे कर्म. स्पॅनिशमध्ये मात्र 'मे गुस्ता एल काफे' असे म्हणतात. पुस्तकाने या एका रचनेसाठी चार पाने खर्च केली होती. वाक्य उलटे आहे असे समजा, कॉफी तुम्हांला आनंद देते असे समजा, इत्यादी. मी ते वाक्य मराठीत म्हणून पाहिले : मला कॉफी आवडते. 'मे' म्हणजे मला. कॉफी हीच कर्ता. आणि आवडणाऱ्या वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही अनेकवचनी होते. 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तके आवडतात. 'आवडते'चे 'आवडतात' झाले, तसेच 'गुस्ता'चे 'गुस्तान'. स्वयंपाकघरात आईला हे सांगितले, तेव्हा ती चहा गाळता गाळता म्हणाली, "मग यात शिकायचे काय आहे? आपल्यासारखेच तर बोलतात ते."

तिसरा कंदील कर्माचा. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्या आधी 'आ' हे शब्दयोगी लावावे लागते. वस्तू असेल तर लावायचे नाही. इंग्रजी भाषकाला हा नियम घोकावा लागतो. आपण मात्र 'मी घर पाहते' आणि 'मी मुलाला पाहते' असे जन्मभर म्हणत असतो. तो 'ला' कोठे लावायचा आणि कोठे नाही, हे आपल्याला कोणी सांगितले होते?

चौथा कंदील इच्छार्थाचा. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातील 'यावेस' हे रूप 'येतोस'पेक्षा वेगळे आहे. येणे अजून घडलेले नाही, ते केवळ मनात आहे. स्पॅनिशमध्ये 'किएरो के बेंगास' म्हणताना क्रियापदाचे असेच निराळे रूप योजावे लागते. इंग्रजीत अशी रूपे आता फारशी उरलेली नाहीत, म्हणून हा भाग इंग्रजी भाषकाला सर्वांत कठीण जातो. आपल्या विध्यर्थाशी तो सर्वस्वी जुळत नाही. तरी मनाची वाट तीच आहे.

पाचवा कंदील संबोधनाचा. इंग्रजीत लहान-मोठे सगळे एकाच सर्वनामात येतात. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. होय, उच्चार आणि अर्थ, दोन्ही आपलेच! हा योगायोग नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले. लॅटिनची लेक स्पॅनिश आणि संस्कृतच्या परिवारातली मराठी यांच्या 'तू'ला तोच वारसा आहे. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष आहे, आणि त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. 'रावसाहेबांनी बसावे' असे समोरच्यालाच म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यातली अदब लगेच कळेल. अर्थात सर्वत्र एकच रीत नाही. अर्जेंटिनासारख्या देशात 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात.

असे म्हणून मी आपल्या भाषेची फुशारकी मिरवीत होते, तोच पुस्तकाने मला दोन ठिकाणी चांगले जमिनीवर आणले.

पहिले ठिकाण म्हणजे 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे. दोन्हींचा अर्थ 'असणे'. मी म्हटले, हे आपले 'आहे' आणि 'असतो' असणार. पण तसे नाही. 'तो आजारी आहे' आणि 'तो आजारी असतो' यांतला भेद काळाचा आणि सवयीचा आहे; स्पॅनिशमधला भेद वेगळा आहे. कोणी मूळचा काय आहे हे सांगायला 'सेर', आणि तो कोणत्या अवस्थेत किंवा कोठे आहे हे सांगायला 'एस्तार'. 'लिस्तो' हे विशेषण 'सेर'बरोबर आले तर माणूस हुशार असतो. 'एस्तार'बरोबर आले तर तो निघायला तयार असतो. पुष्कळ पुस्तके सोपा नियम देतात की कायमचे ते 'सेर', तात्पुरते ते 'एस्तार'. मी तो पाठ केला आणि माझ्या कथेच्या शेवटच्या परिच्छेदाशी आले. तेथे आई गेलेली आहे, आणि क्रियापद आहे 'एस्तार'. मृत्यूइतके कायमचे दुसरे काय आहे? तरी स्पॅनिश भाषा त्याला अवस्थाच मानते. कारण ती एका बदलाने आलेली आहे. त्या दिवसापासून सोप्या नियमांवरचा माझा विश्वास थोडा कमी झाला.

दुसरे ठिकाण भूतकाळाचे. स्पॅनिशमध्ये एकदा घडून संपलेल्या क्रियेचा भूतकाळ निराळा, आणि नेहमी घडत राहिलेल्या क्रियेचा निराळा. येथे मराठी पुन्हा मदतीला आली : 'मी उठले' आणि 'मी उठत असे'. पण येथेच मला एक नवी गोष्ट उमगली. 'मी उठत असे' या वाक्यात बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे कळत नाही! 'मी पाणी दिले', 'मी हिशेब लिहिला' यांतही कळत नाही. तेथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. म्हणजे मूळ कथा दुसऱ्या पानापर्यंत जे झाकून ठेवते, ते मीही तितकाच वेळ झाकून ठेवू शकले असते. माझ्या भाषेत ते सामर्थ्य होते. मी ते वापरले नाही. मराठीचा नाइलाज झाला अशी जी समजूत मी करून घेतली होती, ती तितकीशी खरी नव्हती.

प्रत्येक भाषा काही गोष्टी बोलायला भाग पाडते आणि काही गिळून टाकू देते. स्पॅनिशमध्ये सगळ्या बायका मिळून 'आम्ही' म्हणतात तेव्हा 'नोसोत्रास' म्हणतात. आपल्या 'आम्ही आलो' या वाक्यात बायका आहेत की पुरुष, हे कळत नाही. उलट, ऐकणाऱ्याला धरून असलेले 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' हा आपला भेद स्पॅनिशला ठाऊक नाही. तिसऱ्या भाषेच्या मध्यस्थीने व्यवहार करणाऱ्याने ही देवघेव दोन्ही बाजूंनी तपासून घेतली पाहिजे.

अशा मध्यस्थीचा इतिहास आपल्याकडे जुनाच आहे. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ साली सालामान्का येथे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कोलंबस समुद्रपार निघाला. गोव्यात थॉमस स्टीफन्स या मूळच्या इंग्रज पाद्र्याने येथील भाषा शिकून मराठीत ख्रिस्तपुराण रचले, आणि कोकणीचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीजमध्ये. त्याच्या पश्चात ते १६४० साली राचोल येथे छापले गेले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण आले ते १८३६ साली. आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण असल्यामुळे आपल्या घरातले काही शब्द स्पॅनिश पुस्तकात ओळख देतात. आपली चावी ही पोर्तुगीजांची 'शावे'. स्पॅनिशमध्ये तीच 'यावे' होते. आपला पाव तेथे 'पान' आहे, आणि आपण ज्याची पहिल्या तारखेला वाट पाहतो तो पगार, 'पगार' म्हणजे पैसे देणे या क्रियापदातून आलेला. काही शब्द तर आपल्याकडून तिकडे गेले. संस्कृतातली शर्करा फारसी आणि अरबी वाटेने स्पेनमध्ये पोचून 'आसुकार' झाली, आणि नारंग 'नारांखा' झाले.

स्पॅनिश आज वीस देशांची राजभाषा आहे. त्यांपैकी मेक्सिकोत आपल्या वर्ध्यात १८८४ साली जन्मलेल्या पांडुरंग खानखोजे या क्रांतिकारकाने परागंदा अवस्थेत आश्रय घेतला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन केले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान मिळाले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपूरला निवर्तले. परक्या भाषेत विद्यार्थ्यांसमोर उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना मला आता थोडीशी येऊ लागली आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला, किंवा तुमच्या मुलांना, ही भाषा शिकावीशी वाटली तर अनुभवाने दोन-तीन गोष्टी सांगते. उच्चारांना भिऊ नका. स्पॅनिशमधले स्वर पाचच. अ, ए, इ, ओ, उ. आणि ते सरळ उच्चारायचे असतात. 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांशी लागतात. इंग्रजी भाषकाला त्यासाठी जीभ वळवावी लागते. आपल्या वर्णमालेत जो 'ञ' बिचारा बेकार बसलेला असतो, त्याला तेथे भरपूर काम आहे. एकेरी आणि दुहेरी 'र' मात्र नीट वेगळे उच्चारा. 'पेरो' म्हणजे पण, आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. प्रत्येक नाम त्याच्या 'एल' किंवा 'ला' या उपपदासकट पाठ करा. आणि पुस्तक इंग्रजी माध्यमाचे असले तरी प्रत्येक वाक्य एकदा मराठीत म्हणून पाहा. तुमची मातृभाषा तमिळ, बंगाली किंवा दुसरी कोणती असेल, तर तिच्यात म्हणून पाहा. इंग्रजीतून शिकतो म्हणून इंग्रजांच्या अडचणीही आपण वाहिल्या पाहिजेत असे नाही.

दीड वर्षानंतर शब्दकोशाच्या आधाराने मी ती कथा मुळातून पुन्हा अनुवादित केली. पहिल्या पानावर 'मी उठत असे', 'मी हिशेब लिहिला' अशीच वाक्ये ठेवली. दुसऱ्या पानावर 'मी दमले होते' हे वाक्य आले. एवढेच केले, बाकीचे काम त्या एका मात्रेने केले. एक प्रत बडोद्याला पाठविली. त्यांचे उत्तर पुन्हा पोस्टकार्डावरच आले : 'आता दिसली.'

दुसरी प्रत मी ताईला वाचून दाखविली. ती भाजी निवडीत ऐकत होती. मधे कोठेही ती काही बोलली नाही. कथा संपल्यावर हातातली देठे बाजूला ठेवून तिने विचारले, "तिला कोणीच विचारले नाही का ग, दमलीस का म्हणून?"

"नाही," मी म्हटले, "कथेत कोणीच विचारीत नाही."

ताईने मान हलविली आणि पुन्हा भाजी घेतली. मला एकदम आठवले की अण्णांच्या आजारात मी पंधरवड्याला पत्र लिहीत होते आणि प्रत्येक पत्रात अण्णांची प्रकृती विचारीत होते. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि उरलेली जुडी माझ्याकडे ओढली.

"तू दमली होतीस का ग तेव्हा?" मी विचारले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो. फार." आणि त्यानंतर त्या दोन वर्षांबद्दल ती संध्याकाळपर्यंत बोलत होती.